श्रवणाचा अधिकार

विद्यापीठाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत तीन गोष्टी ठरलेल्या असतात : व्याख्याने, कलामहोत्सव आणि क्रीडास्पर्धा. तिन्हींत करणारे थोडे आणि ऐकणारे-पाहणारे पुष्कळ. व्यासपीठावर वक्ता एक, समोर सभागृह भरलेले. कबड्डीच्या मैदानात दोन्ही संघांचे मिळून चौदा खेळाडू, रेषेबाहेर सगळे गाव. निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि प्रवेश सर्वांना खुला असल्याचे खाली, शेवटच्या ओळीत लिहिलेले असते. भारतीय तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्या पत्रिकेतली सर्वांत वादग्रस्त ओळ हीच आहे. कारण ज्ञान ऐकण्यास कोण पात्र आहे आणि नुसते ऐकून कोणाला काही मिळते का, या प्रश्नांवर या देशात हजार-दीड हजार वर्षे वाद झाला आहे.

शास्त्रीय ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगण्याची पद्धत होती : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ग्रंथ कशाविषयी आहे याच्याइतकेच तो कोणासाठी आहे हे महत्त्वाचे मानले जाई. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी ब्रह्मजिज्ञासेला पात्र असलेल्याची लक्षणे दिली आहेत. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शमदमादी साधने आणि मोक्षाची इच्छा. या यादीत जातीचा उल्लेख नाही. ही मनाच्या तयारीची लक्षणे आहेत आणि तयारीची अट कोणत्याही विद्येला लागू पडते. गणिताचा पाया नसलेल्याला भौतिकशास्त्रातले व्याख्यान कळणार नाही, हे सांगणे म्हणजे कोणाचा अपमान करणे नव्हे.

परंतु त्याच भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे आणि तिथे अधिकाराचा दुसरा अर्थ पुढे येतो. वेदाध्ययनपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार शूद्राला नाही, असा निर्णय तिथे दिला आहे. विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाले होते हे नाकारता येत नसल्याने त्याची उपपत्ती पूर्वजन्मीच्या संस्कारांनी लावली आहे, आणि इतिहास-पुराणे ऐकण्याची वाट सर्व वर्णांना मोकळी ठेवली आहे. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी नांदत राहिल्या. एक तयारी, जी कोणीही कमावू शकतो. दुसरा जन्म, जो कोणालाच कमावता येत नाही. अधिकाराच्या कल्पनेने जे नुकसान केले ते पहिल्या अर्थाने नव्हे, दुसऱ्या अर्थाने. दुसऱ्याला पहिल्याचे तार्किक बळ उसने मिळत राहिल्यामुळे तो इतकी शतके टिकला. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथा या कोंडीची साक्ष देते. वेदश्रवण सर्वांना मोकळे नाही, म्हणून ब्रह्मदेवाने सर्व वर्णांसाठी पाचवा वेद निर्माण केला आणि तो नाट्याचा होता, असे ती सांगते. ज्ञानाच्या दाराशी अडवलेल्यांसाठी कलेचे दार उघडले गेले. ते दार पहिल्याइतकेच मोठे होते, हे मात्र पुढे काश्मीरच्या विचारवंतांनी सिद्ध करेपर्यंत फारसे कोणी मानले नाही.

मराठीत या प्रश्नाला कलाटणी मिळाली ती १२९० मध्ये नेवाशाला, ज्ञानेश्वरीमुळे. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांना केलेली संबोधने जागोजागी येतात आणि नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे अवधान. लक्ष द्या, तेवढ्याने सर्व सुखाला पात्र व्हाल, असे ते प्रतिज्ञेवर सांगतात आणि ही विनंती आपण जाणत्यांना करीत आहोत याची नम्र जाणीवही जोडतात. या मागणीचे तत्त्वज्ञानातील वजन पुरेसे ओळखले गेलेले नाही. जुन्या क्रमात पात्रता आधी आणि श्रवण नंतर. इथे श्रवणाच्या क्षणी दिलेले अवधान हीच पात्रता झाली. ती अगोदर कोणाकडून प्रमाणित करून घ्यावी लागत नाही, वारशाने मिळत नाही आणि एकदा मिळाली म्हणून कायम राहतही नाही. दर ओवीला ती नव्याने द्यावी लागते. वारकरी कीर्तनाची सगळी रचना या पायावर उभी आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन केले, तेव्हा पहिला समास श्रवणाला दिला. नऊ भक्तींचा तो परंपरागत क्रम आहे हे खरे, पण काय काय ऐकावे याची जी ऐसपैस यादी समर्थ देतात तिच्यात कर्ममार्ग, योगमार्ग आणि वैराग्य यांच्याबरोबर तऱ्हेतऱ्हेच्या विद्या, संगीत आणि सृष्टीचे ज्ञानही आहे. आजच्या एखाद्या व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेशी तिचे साम्य जाणवल्याशिवाय राहत नाही.

ऐकायला मिळाले, पण ऐकून ज्ञान होते का? या प्रश्नावर अद्वैताच्या दोन परंपरा वेगळ्या झाल्या. वाचस्पती मिश्रांच्या भामती टीकेला अनुसरणाऱ्यांच्या मते शब्दाने होते ते परोक्ष, म्हणजे अप्रत्यक्ष, ज्ञान. साक्षात्कार व्हायचा तर मनन आणि निदिध्यासन यांनी संस्कारलेले मनच लागते. प्रकाशात्म्यांच्या विवरण परंपरेने उलट मांडणी केली : श्रवण हेच मुख्य, मनन आणि निदिध्यासन त्याच्या आड येणाऱ्या शंका आणि सवयी दूर करण्यापुरती. यासाठी वेदान्तात दहाव्या माणसाची गोष्ट सांगितली जाते. दहा जण नदी ओलांडतात. पैलतीरावर प्रत्येक जण मोजतो, स्वतःला वगळून मोजतो आणि नऊच भरतात. एक बुडाला म्हणून सगळे रडू लागतात. वाटसरू एकाला सांगतो, दहावा तूच. एवढ्या वाक्याने जे ज्ञान होते ते ऐकीव नसते, ते थेट असते, कारण ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तोच ऐकत असतो. विवरणाचे म्हणणे सर्व विषयांना लागू पडणार नाही. दूरच्या ताऱ्याविषयीचे व्याख्यान कितीही उत्तम असले तरी तारा प्रत्यक्ष होत नाही. मात्र जिथे विषय श्रोता स्वतःच असतो, त्याचे दुःख, त्याचे स्वातंत्र्य, त्याचे गाव, त्याची भाषा, तिथे ऐकलेले एक वाक्य वर्षानुवर्षांच्या चुकीच्या मोजणीचा शेवट करू शकते.

अज्ञान म्हणजे काय आणि ते कशाने जाते, या विषयाचे आधुनिक काळातले एक गंभीर केंद्र खानदेशात होते. अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर सुरू झाले. घनश्यामदास मलकानी यांनी ते दीर्घकाळ सांभाळले, तिथून तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक चालवले, आणि १९३३ मध्ये मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ याच शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बोरी नदीच्या काठी, संत सखाराम महाराजांच्या वैशाखातील यात्रेने ओळखल्या जाणाऱ्या या गावात एकीकडे वाळवंटात कीर्तन चाले आणि दुसरीकडे शांकरभाष्यावर चर्चा. दोन्हींचे श्रोते फारसे एकत्र आल्याचे दिसत नाही. संस्थेचे काम मुख्यतः इंग्रजीतून चालत असल्याने तिची कीर्ती देशभर झाली आणि आसपासच्या खेड्यांपर्यंत ती क्वचितच पोहोचली. ही उणीव त्या काळच्या बहुतेक विद्वत्संस्थांची आहे. तरी अमळनेरच्या बाबतीत ती अधिक खुपते, कारण श्रवणाविषयीचे सूक्ष्मातले सूक्ष्म चिंतन तिथे होत होते आणि श्रोता दाराबाहेर होता.

या मंदिरात काही काळ अभ्यास करून एक तरुण त्याच गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाला. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे त्यांनी तिथे शिकवले, मग ते सत्याग्रहात उतरले आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर, अशी अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. आज अनेक भारतीय भाषांत वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ ती हीच. खानदेशात आजवर झालेली सर्वांत प्रभावी व्याख्यानमाला ही होती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. तिला सभागृह नव्हते, निमंत्रणपत्रिका नव्हती आणि श्रोते राजबंदी होते.

श्रवणाच्या प्रश्नासाठी या घटनेतला एक तपशील निर्णायक आहे. प्रवचने बोलून झाली आणि हवेत विरली असती. ती ग्रंथ झाली ती एका श्रोत्यामुळे. ऐकणाऱ्याने ऐकता ऐकता लिहिले आणि लिहिण्यासाठी त्याला प्रत्येक वाक्य समजून घ्यावे लागले असणार. ऐकणे निष्क्रिय असते, ही समजूत इथे टिकत नाही. विनोबांचे विचार, पण ते ज्या प्रवाही मराठीत वाचकाला भेटतात ते लिहून घेणारा हात साने गुरुजींचा. स्वतः विनोबांची भूमिकाही शास्त्रीपंडिताची नव्हती. गीता ही सामान्य माणसाच्या व्यवहारात उतरावी म्हणून ते बोलत होते आणि समोरच्याकडे संस्कृतचा अभ्यास नाही हे धरूनच बोलत होते. नेवाशाची अटच धुळ्यात लागू झाली होती. अवधान असेल त्याने बसावे.

खानदेशातली महाविद्यालये पूर्वी पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव, धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या प्रदेशासाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचत आणि ती मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, लिहून ठेवली. १९५१ मध्ये त्या वारल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने आली. ज्या बाईला कोणत्याही शाळेने प्रवेश दिला नव्हता तिचे नाव पदवी देणाऱ्या संस्थेला लागले, याचा आनंद खानदेशाला झाला आणि तो रास्त होता. पण या नावात विद्यापीठाने स्वतःवर घेतलेली जबाबदारीही आहे. बहिणाबाईंची विद्या कानाने आलेली होती : ओव्या, भजने, कथा, बायकांचे बोलणे, शेतीचे शहाणपण. ज्ञानाचा एक पूर्ण मार्ग वाचनाबाहेरून जातो, हे ते नाव सांगते. म्हणून या विद्यापीठाच्या सार्वजनिक व्याख्यानाला पदवी नसलेला श्रोता येऊन बसतो, तेव्हा तो पाहुणा नसतो.

सार्वजनिक व्याख्यानाची आधुनिक रूढी तशी अलीकडची. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये आपल्या भिंतींबाहेरच्या लोकांसाठी व्याख्याने सुरू केली आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे बहिःशाल विभाग त्याच वाटेने आले. मात्र या आधुनिक रूढीत एक गोष्ट मागे पडली. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या यज्ञसभेत याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारले जातात आणि त्यांत गार्गी दोनदा उठते. पहिल्या वेळी तिला थांबवले जाते. दुसऱ्या वेळी ती सभेची अनुमती घेऊन पुन्हा विचारते. व्याख्यानाची ती खरी जुनी आकृती आहे. हार, शाल, परिचय, भाषण आणि आभार या क्रमात प्रश्नांना उरलेली दहा मिनिटे मिळाली तर श्रवण झाले, मननाला सुरुवातच झाली नाही. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता फक्त खंडन करायचे ती वितंडा. श्रोत्यांच्या प्रश्नांतून जल्प आणि वितंडा उद्भवतील ही आयोजकांची भीती खोटी नाही. तरी तिच्यावरचा उपाय प्रश्न बंद करणे हा नव्हे. वादाचे नियम शिकवणे हे विद्यापीठाचेच काम आहे.

प्रवेश खुला आहे याचा अर्थ अंतरानेही बदलतो. दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातले मिरचीच्या व्यापारासाठी नावाजलेले गाव, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे. तिथले दादासाहेब रावल महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे. जळगाव तिथून शंभर किलोमीटरहून लांब. सायंकाळच्या व्याख्यानाला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि रात्री परतायचे कसे हा प्रश्न उभा राहतो. मुलीच्या बाबतीत तो घरातल्या परवानगीचा प्रश्न होतो. जन्मावर आधारलेली अट कागदावरून गेली, तरी तिची जागा भाडे, वेळ आणि भाषा घेऊ शकतात. घरात अहिराणी बोलणाऱ्या श्रोत्याला पुस्तकी मराठीतले व्याख्यान अर्धेच पोहोचते. यासाठी वक्त्यानेच गाडीत बसून दोंडाईच्याला येणे अधिक न्यायाचे आहे. कीर्तनकाराने हेच केले. तो गावोगाव गेला, लोकांनी त्याच्या दारी यावे अशी अपेक्षा त्याने धरली नाही.

कलेकडे वळले की अधिकाराचा प्रश्न अधिक मोकळा होतो. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या संदर्भात अधिकारी हाच शब्द वापरला आणि त्याचे लक्षण निर्मळ प्रतिभेचे हृदय असे दिले. काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले तो सहृदय. वेदान्तातली जन्माची अट इथे कामाची नाही. कारण भट्टनायकांनी दाखवून दिल्याप्रमाणे रसाच्या अनुभवात भाव कोणा एकाचा राहत नाही, तो साधारण होतो. शकुंतलेचे दुःख पाहताना ते शकुंतलेचे आहे की प्रेक्षकाचे, ही वाटणीच मावळते.

या सिद्धान्ताला विसाव्या शतकात नवी धार देणारे कृष्णचंद्र भट्टाचार्य हे अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे काही काळ, १९३३ ते १९३५, संचालक होते. रसाविषयीच्या त्यांच्या निबंधात एक उदाहरण आहे. मूल खेळण्याशी रमले आहे. आजोबा त्या मुलाच्या आनंदाकडे पाहून आनंदले आहेत. आणि तिसरा कोणी आजोबांच्या त्या आनंदाकडे पाहतो आहे. मुलाचा आनंद वस्तूत गुंतलेला, आजोबांचा त्या एका मुलात गुंतलेला. तिसऱ्याचा आनंद कशातच गुंतलेला नाही आणि तरी तो कोरडा नाही. भट्टाचार्यांच्या मते रस तिथे आहे. प्रेक्षक म्हणजे दुरून पाहणारा परका नव्हे. भावनेला तिच्या मालकीतून सोडवणारा तो असतो.

विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवात लोकनृत्य, लोकसंगीत, प्रहसन, मूकनाट्य असे प्रकार सादर होतात, तेव्हा हे विवेचन कसोटीला लागते. कानबाईची गाणी खानदेशात श्रावणात घरोघरी म्हटली जातात. देवी घरी आलेली असते, गाणाऱ्या बायका उपासक असतात आणि तिथे प्रेक्षक कोणीच नसतो. तेच गाणे रंगमंचावर आले की परीक्षक समोर बसतात, वेळ मोजली जाते आणि उपासना रसाचा विषय होते. यात काही गमावले जाते. किती, याचे उत्तर भक्तीला रस मानायचे की नाही यावर अवलंबून आहे. अभिनवगुप्तांनी भक्तीला स्वतंत्र रस मानले नाही. सोळाव्या शतकात रूप गोस्वामी आणि त्यानंतर मधुसूदन सरस्वती यांनी मानले. भक्ती हा रस असेल तर मंचावरचे कानबाईचे गाणे हीही एक उपासना होऊ शकते. नसेल तर ती उपासनेची आठवण ठरते. गाणाऱ्या मुलीने ते गाणे आजीकडून ऐकून घेतले आहे की चित्रफितीवरून पाठ केले आहे, यानेही बराच फरक पडतो, आणि लक्ष देणाऱ्या श्रोत्याला तो कळतो.

खेळाविषयी वेदान्ताने एका प्रसिद्ध प्रश्नाच्या निमित्ताने विचार केला. ईश्वर परिपूर्ण आहे, तर त्याने जग कशासाठी निर्माण केले? ब्रह्मसूत्रांचे उत्तर आहे लीला. तिन्ही मोठ्या आचार्यांनी यावर दिलेले दृष्टान्त वेगवेगळे आहेत. रामानुजांनी चेंडू खेळणाऱ्या सम्राटाचा दृष्टान्त दिला, ज्याला खेळातून आणखी काही मिळवायचे नाही. मध्वाचार्यांनी आनंदाच्या भरात नाचणाऱ्या उन्मत्ताचा दिला. शंकराचार्यांनी दोन दिले : सर्व इच्छा पुरलेला राजा आणि श्वासोच्छ्वास. प्रयोजनाशिवाय होणारी कृती कनिष्ठ नसते, तीच पूर्णतेची खूण असते, हे सर्वांचे म्हणणे.

राजाचा दृष्टान्त मैदानावर लावला की अडचण येते. खेळायला आधी पोट भरलेले असावे लागते, असा त्याचा अर्थ होतो आणि व्यवहारात तसेच घडते. शेतकामातून आणि मिरचीच्या बाजारातल्या हमालीतून सुटलेला वेळच खेळाला मिळतो. म्हणून घरचे विचारतात, याने मिळणार काय? उत्तरादाखल वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण दाखवले जाते. ते उत्तर चुकीचे नाही. गरीब घरातल्या खेळाडूला ते हक्काने मिळाले पाहिजे. पण तेवढेच उत्तर उरले तर संघात न निवडलेल्या मुलासाठी मैदानाचे दार बंद होते, कारण त्याला मिळणार काहीच नसते. इथे शंकराचार्यांचा दुसरा दृष्टान्त उपयोगी पडतो. श्वास राजा घेतो आणि हमालही घेतो. त्याला रिकामा वेळ लागत नाही, समृद्धी लागत नाही आणि प्रयोजन विचारले तर सांगता येत नाही. खेळाला या रांगेत बसवले तर क्रीडा विभागाची पहिली जबाबदारी बदलते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ पाठवणे हे दुसरे काम ठरते. त्याआधी प्रत्येक महाविद्यालयाचे मैदान संध्याकाळी उघडे असणे, तिथे मुलींसाठी वेळ आणि जागा राखलेली असणे, आणि ज्यांची नावे कोणत्याही यादीत येणार नाहीत त्यांना खेळू देणे ही कामे येतात.